कंसातला नंबर

आदरणीय अण्णा,
स. न. वि. वि.

मी अमळनेर तालुक्यातला कापूस उत्पादक. सीझनला गावातल्या लोकांचा माल जिनिंगपर्यंत पोचवतो, त्यामुळे रोकड घेऊन रात्री-बेरात्री येणं-जाणं असतं. वडिलांकडे परवान्याचं .३२ चं पिस्तूल होतं, सरकारी कारखान्याचं. वडील गेल्यावर ते रीतसर माझ्या नावावर झालं. यंदा माघात वाटलं, ते जरा मनासारखं करून घ्यावं. जिल्ह्याच्या गावी एक बंदूकवाले काका आहेत, वडिलांनी पिस्तूल त्यांच्याकडूनच घेतलेलं, दोघांचा घरोबा. शिसवी मूठ, तिच्यावर वडिलांची अक्षरं कोरलेली, चाप हलका, जुनं ब्लूइंग, म्हणजे गंज रोखणारा काळा-निळा थर, काढून नवं, नेम धरायला पांढऱ्या ठिपक्याची माशी, असं काम बावीस हजारांत ठरलं. बारा फोनवरून दिले, दहा रोख. बिल नाही. चिठ्ठीवर "पिस्तूल १ नग, काम" एवढंच.

होळीच्या सुमारास मिळालं, दिसायला झकास. मे महिन्यात मुठीला स्क्रूपाशी चीर गेली. पावसाळ्यात स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर, लाल डाग आले (नंबरही थोडा पुसट झालाय, पण तो परवान्यावर आहेच). मागच्या महिन्यात रेंजवर गेलो. तीन मॅगझिन नीट चालल्या, चौथ्या वेळी चाप एकदा ओढला आणि गोळ्या दोन सुटल्या. रेंजवाल्या साहेबांनी जागीच थांबवलं आणि वहीत नोंद केली.

काकांना फोन केला तर म्हणतात, "व्हई जाई भाऊ, आणून टाक." होऊन जाईल म्हणे. आता कळतंय की त्यांना दिसतं कमी, काम एक लेथवाला पोरगा करतो. चुलतभाऊ म्हणतो, सातपुड्याकडे एक मिस्त्री आहे, दोन हजारांत रात्रीतून करून देतो. आणि आई म्हणते, वडिलांच्या मित्राला नोटीस पाठवलीस तर मी या घरात जेवणार नाही. काय करू?

कपाशीवाला, अमळनेर तालुका

---

भाऊ,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोठं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. चीर, डाग, दोन गोळ्या आणि आईचं जेवण या सगळ्याच्या आधी मला त्या पुसट नंबराबद्दल बोलायचं आहे.

मी वरणगावच्या फॅक्टरीत तपासणी विभागात नोकरी केली. तिथं काडतुसं होतात, पिस्तुलं नाही, पण लोखंड-पितळेवर ठोकलेला आकडा काय असतो ते तिथं कळलं. तुम्ही म्हणता नंबर परवान्यावर आहेच. अहो, परवान्यावरचा नंबर असतो पिस्तुलावरच्या नंबराशी जुळवायला. एका बाजूचाच पुसला तर जुळवायचं कशाशी? पुढची निवडणूक लागेल, शस्त्र जमा करायचा आदेश येईल, तुम्ही ठाण्यात जाल, हवालदार पिस्तूल उजेडाला धरेल आणि तीनाचा आठ वाचेल. तिथून पुढचं सगळं त्याच्या हातात.

शस्त्र कायदा १९५९, कलम ८. नंबर खोडू नये, बदलू नये, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच कलमात पुढे जे आहे ते फार थोड्या परवानाधारकांनी वाचलेलं असतं. नंबर पुसलेलं शस्त्र ज्याच्या ताब्यात मिळेल, त्यानंच तो पुसला असं कायदा गृहीत धरतो. तसं नाही हे सिद्ध करायचं ओझं त्या माणसावर. म्हणजे पॉलिशचा बफ फिरवला पोरानं, पैसे घेतले काकांनी आणि निर्दोष असल्याचं दाखवायचं तुम्ही.

हे कसं झालं असेल ते पिस्तूल न बघताही सांगता येतं. स्लाइडच्या कडा बघा. पूर्वी बोटाला लागत होत्या त्या आता वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या असतील. कारखान्याच्या नावाची अक्षरंही कडेला फिकट झाली असतील. जुनं ब्लूइंग काढायला पोरानं ते सरळ बफच्या चाकाला लावलं, लग्नातले तांबे लावतात तसं. जाणता कारागीर अशा वेळी सपाट ठोकळ्यावर एमरी पेपर गुंडाळून हातानं घासतो आणि नंबराभोवती थांबतो. त्याला दोन दिवस लागतात, बफला दहा मिनिटं.

तर पहिलं काम अर्जाचं. तुमचा परवाना ज्या कार्यालयाचा, त्या परवाना प्राधिकाऱ्याच्या नावे अर्ज आणि त्याची प्रत तुमच्या पोलीस ठाण्याला. पिस्तूल कधी दिलं, कोणाला दिलं, काय काम सांगितलं, कधी परत मिळालं, नंबर पुसट झाल्याचं केव्हा लक्षात आलं, हे तारखांसह. सोबत चिठ्ठीची झेरॉक्स, बारा हजारांच्या व्यवहाराचा कागद आणि फोटो. फोटो काढताना समोरून फ्लॅश मारू नका. बॅटरी बाजूने, अगदी आडवी धरा म्हणजे खड्ड्यांत सावली पडते आणि पुसट आकडेही उठून दिसतात. आधीचा एखादा फोटो घरात असेल तर शोधा, वडिलांच्या कागदांत खरेदीची पावती असेल ती काढा. आणि अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. हा अर्ज तुम्ही आपणहून केला की तुम्ही तक्रारदार. हवालदाराच्या हातात नंबर सापडला की तुम्ही संशयित. मधे फरक फक्त तारखेचा.

कोणी म्हणेल, आकडे ठोकायचा लोखंडी पंच घेऊन ते पुन्हा ठोकून टाकू. अजिबात नाही. परवाना देणाऱ्यानं लेखी सांगितल्याशिवाय त्या जागेला हातही लावू द्यायचा नाही. ठोकलेल्या आकड्याखालचं लोखंडही दाबलं गेलेलं असतं. वरून घासलं तरी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आम्ल लावून तो आकडा बऱ्याचदा वाचता येतो. तुमच्या बाजूचा तो साक्षीदार आहे. त्याच्यावर नवा पंच मारला की साक्षीदार गेला.

आता दोन गोळ्या.

आपल्याकडे गावचा लोहार विळ्याला पाणी पाजतो. धारेकडचा भाग कडक होतो, मागचा मऊ राहतो. एखाद्या हौशी माणसानं तो विळा दगडावर घासून-घासून नको इतका धारदार केला की पाणी उतरतं. पहिले चार दिवस तो लोण्यासारखा कापतो, पाचव्या दिवशी धार मुडपते. पिस्तुलाच्या चापाचंही तेच. काडतुसावर आघात करणाऱ्या घोड्याला किंवा स्ट्रायकरला अडवून धरणारा एक लहानसा तुकडा आत असतो, त्याला सिअर म्हणतात. चाप ओढला की तो सरकतो आणि बार होतो. चाप हलका करायचा म्हणजे या तुकड्याची पकड कमी करायची आणि तिथला पृष्ठभाग गुळगुळीत करायचा. त्या तुकड्याचा कडक थर बऱ्याचदा फार पातळ असतो. कानस किंवा दगड एकदा त्याच्या खाली गेला की मऊ लोखंड उघडं पडतं. चाप मात्र सुरुवातीला इतका गोड लागतो की गिऱ्हाईक खूष होऊन पैसे देऊन जातं. मग वीस-पंचवीस बारांत ती पकड झिजते, स्लाइड मागे जाऊन पुढे आपटली की त्या धक्क्यानं घोडा सुटतो आणि तुमचं बोट काहीही न करता दुसरी गोळी निघून जाते. तुमच्या तीन मॅगझिन नीट गेल्या आणि चौथीला हे झालं, ते याच्याशी जुळतं.

दुसरी कारणंही असतात. एका ओढीला एकच बार जावा म्हणून आत वेगळा भाग असतो, तो बिघडला असेल, किंवा काडतुसावर आपटणारी पिन पुढेच अडकत असेल. कोणतं ते उघडल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि उघडायचं तुम्ही नाही. त्या दुसऱ्या गोळीच्या वेळी नळी उसळून वर गेलेली असते. तुम्ही रेंजवर होतात आणि समोर मातीचा ढीग होता, म्हणून आज हे पत्र आलं.

यातही कायद्याची एक मेख आहे. चाप दाबून धरला की गोळ्या सुटत राहतात अशा प्रकारे बनवलेलं किंवा बदललेलं हत्यार प्रतिबंधित शस्त्रांत मोडतं आणि तुमचा परवाना त्याचा नाही. बिघाडानं दोन गोळ्या सुटणं हे त्यात बसतं का, यावर वकील दोन दिवस भांडतील. त्या भांडणात आपण आरोपीच्या बाजूला उभं राहायचं नाही, एवढं तुमच्या हातात आहे. म्हणून अर्जात ही गोष्टही लिहा, रेंजच्या वहीतल्या नोंदीसह. त्या साहेबांकडून नोंदीची सहीची नक्कल मागून घ्या. त्यांनी तुमच्यावर फार मोठे उपकार केलेत.

आज रात्रीच, हे वाचून झाल्यावर: मॅगझिन काढा, तोंड कोणत्याही माणसाकडे किंवा गोठ्याकडे नसताना स्लाइड मागे घ्या, नळी रिकामी असल्याचं डोळ्यांनी बघा, बोटानं चाचपा. पिस्तूल एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या. यंदाच्या सीझनला ते कमरेला लागणार नाही असं समजा. आणि राग मानू नका, पण आजकाल सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, पैसे खात्यात टाकतं, जिनिंगवालेही टाकतात. तुम्ही एवढी रोकड घेऊन फिरता कशाला?

चुलतभावाचं काय? तो ज्या बाजूला बोट दाखवतोय ती बाजू आपल्या सगळ्यांना माहीत आहे. चोपड्याच्या वर, मध्य प्रदेशच्या हद्दीवरच्या उमर्टीचं नाव गावठी कट्ट्यांच्या बातम्यांत पुन्हा पुन्हा येतं. तिथं पोटासाठी दुसरी कामं करणारी माणसंही राहतात, त्यांना उगाच त्यात ओढायला नको. पण परवान्याशिवाय बंदूक दुरुस्त करणं हा बंदूक बनवण्याइतकाच गुन्हा आहे, कलम ५ आणि कलम २५. शिक्षा कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. दोन हजारांत रात्रीतून करून देणाऱ्याच्या घरावर त्याच रात्री धाड पडली तर आत तुमचं पिस्तूल सापडेल, पुसट नंबराचं. चुलतभाऊ जामीन राहील का, विचारा.

आणि समजा धाड पडली नाही, काम झालंही, तरी तुम्ही बुडालात. कारण मग ते कोणी बिघडवलं हे जगात कोणालाच सांगता येणार नाही. काका म्हणतील, माझ्याकडून गेलं तेव्हा ठीक होतं, मधे कोणी उघडलं? आणि त्यांचं बरोबर असेल. आमच्या फॅक्टरीत नापास माल वेगळ्या पेटीत, कुलपात जायचा. "जरा घासून बघतो साहेब" म्हणणारा एखादा उत्साही कामगार दर पाळीला असायचा, त्याला आम्ही त्या पेटीपासून लांब ठेवायचो. तुमचं पिस्तूल आता त्या पेटीत आहे. काकांकडेही ते "आणून टाकायचं" नाही. तो पोरगा बफचे डाग लपवेल, नवा सिअर घालेल, जुना भंगारात जाईल आणि तुमचा पुरावाही त्याच्याबरोबर.

मग काकांकडे जायचंच नाही का? जायचं. पिस्तूल घरी ठेवून जायचं. आणि आईला सोबत घेऊन जायचं.

हे मी गमतीनं म्हणत नाही. आईची भीती तुम्ही काकांच्या दारात पोस्टमन पाठवाल याची आहे, तर तुम्ही स्वतः जा. वहिनी समोर बसलेली असताना म्हातारा माणूस "व्हई जाई" म्हणून वेळ मारून नेणार नाही. चहा होऊ द्या. मग विचारा: काम कोणाच्या हातचं? कुठे केलं, दुकानात की पोराच्या लेथवर? आणि काका, तुमचा परवाना फक्त विक्रीचा आहे की दुरुस्तीचाही? शेवटचा प्रश्न त्यांना टोचेल. टोचू द्या. दुरुस्तीचं परवान्यात नसेल, किंवा पिस्तूल पिशवीत घालून एमआयडीसीत गेलं असेल, तर त्यांच्यावरचं संकट तुमच्यापेक्षा मोठं आहे आणि ते त्यांना आज कळलेलं बरं. तुमच्यानंतर त्या बफखाली आणखी किती जणांचे नंबर गेले असतील?

त्यांच्याकडून पैशाआधी एक कागद मागा. दुकानाच्या लेटरहेडवर, त्यांच्या सहीनं: अमुक तारखेला अमुक पिस्तूल माझ्याकडे कामासाठी आलं, तेव्हा नंबर स्पष्ट होता, अमुक तारखेला परत दिलं, मधे पॉलिशचं आणि चापाचं काम झालं. खरं तेवढंच, त्यांना अडकवणारं एक अक्षरही जास्त नाही. हा कागद तुमच्या अर्जाला जोडला की कलम ८ चं ओझं निम्मं उतरतं. तुमच्या वडिलांशी त्यांची मैत्री असेल तर ती या चार ओळींत दिसेल. नाही दिली सही, तर आईही तिथंच बसलेली आहे, तिला वेगळं समजावायला नको. पण एक गोष्ट आईला आधीच सांगा: कलेक्टर कचेरीतल्या अर्जात काकांचं नाव येणारच. ते गाळून लिहिलेला अर्ज खोटा होईल आणि खोट्या अर्जावर तुमची सही असेल.

पैशांचं पुढे बघू. सरळ बावीस हजार परत मागा असं मी म्हणणार नाही. चाप आणि ब्लूइंग यांचे पैसे पूर्ण परत, आणि पिस्तूल पुन्हा कारखान्याच्या मापात आणायला येईल तो खर्च. मुठीचं सोडून द्या. लाकूड नीट वाळवलेलं नव्हतं हे खरं, पण आपल्याकडच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, दारं-खिडक्यांची लाकडंही ओरडतात. गाडीच्या डॅशबोर्डात ठेवलं होतं का, ते तुम्हाला माहीत.

काका नाहीच बधले, तर मग नोटीस. पंधरा दिवसांची मुदत, स्पीड पोस्टनं, पोच जपून. त्यानंतर जळगावचा जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, दुकान कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची, आणि बिल न देणं हीच त्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे, त्यामुळे बिल नाही म्हणून खचू नका. बारा हजारांचा फोनवरचा व्यवहार आणि ती मोडकी चिठ्ठी पुरते. रोख दहा हजारांसाठी काकांचं लेटरहेड किंवा मेसेजमधला एखादा शब्द लागेल. चौकशीला १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

दुरुस्ती कुठे, हे अर्जाचं उत्तर आल्यावर. पिस्तूल ज्या कारखान्याचं, त्यालाच पत्र लिहा. जुनं आयुध निर्माणी मंडळ २०२१ मध्ये मोडून सात कंपन्या झाल्या. पिस्तुलांचे कारखाने कानपूरच्या अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया कंपनीकडे गेले, तेव्हा वडिलांच्या पावतीवरच्या जुन्या पत्त्यावर पाठवाल तर पत्र फिरत राहील. काही झालं तरी पिस्तूल कुरियरनं पाठवायचं नाही.

एक शेवटचं बोलतो, ते तुमच्याच वाट्याचं आहे. हलका चाप तुम्ही मागितला होता. स्पर्धेतल्या २५ मीटरच्या पिस्तुलालासुद्धा चापाचं वजन किमान एक किलो लागतं आणि वजन लावून तपासल्याशिवाय नेमबाजाला लाइनवर उभं राहू देत नाहीत. तो माणूस वर्षानुवर्षं सराव केलेला, दिवसाउजेडी, तोंड कागदाकडे. तुम्ही रात्री पारोळ्याच्या रस्त्यावर, छातीत धडधड, हाताला घाम. कारखान्यानं चाप जड ठेवला तो त्या रात्रीसाठी. पिस्तूल नीट होऊन येईल तेव्हा चाप मूळच्या वजनाचा घ्या. काकांनी तुम्हाला हे माघातच सांगायला हवं होतं. ज्या वयात त्यांना नीट दिसत होतं त्या वयात त्यांनी सांगितलंही असतं.

वडिलांच्या अक्षरांची मूठ आत्ता काढू नका, तीही पुराव्यातच आहे. फोटो सगळे झाले की लाल डागांवर शिलाई मशीनचं पातळ तेल मऊ फडक्यानं टेकवून लावा. घासू नका. नंबराच्या जागी फडकंही नको, थेंब नुसता सोडा.

तुमचा,
अण्णा